मंकच्या रचना आणि रुंब्याचा ताल : जेरी गोन्झालेस यांचा एक अल्बम समजून घेताना

अमेरिकी जॅझ पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक यांच्या रचना क्यूबन रुंब्याच्या तालात वाजवायच्या असे एखाद्या ट्रम्पेटवादकाने ठरवले, तर त्याने नेमके काय बदलावे आणि कशाला हात लावू नये? १९८८ साली जेरी गोन्झालेस आणि त्यांच्या फोर्ट अपाची बँडने ध्वनिमुद्रित केलेला आणि पुढच्या वर्षी सनीसाइड कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘रुंबा पारा मंक’ हा अल्बम म्हणजे या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत समर्पक उत्तर आहे. वादक फक्त पाच : ट्रम्पेट, तिच्याच जातीचे फ्लूगलहॉर्न आणि हातांनी वाजवायचे कोंगा हे ढोल यांवर स्वतः जेरी, बासवर त्यांचे धाकटे बंधू अँडी, पियानोवर लॅरी विलिस, टेनर सॅक्सोफोनवर कार्टर जेफरसन आणि ड्रम्सवर स्टीव्ह बेरिओस. सगळ्या रचना मंक यांच्याच आहेत. लॅटिन जॅझमधल्या, म्हणजे लॅटिन अमेरिकी ताल आणि जॅझ यांच्या मिलाफातल्या, ‘परंपरा आणि नवता यांच्या समतोला’विषयी पुष्कळ बोलले जाते, पण तो समतोल प्रत्यक्ष वादनात कुठे आणि कसा साधला जातो, हे सहसा कोणी सांगत नाही. या अल्बमच्या आधाराने ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात क्लावेपासून करावी लागते, कारण क्यूबन संगीताचा सगळा डोलारा या एका लयाकृतीवर उभा आहे. क्लावे हे दोन टणक लाकडी दांडक्यांचे वाद्यही आहे आणि त्यावर वाजणाऱ्या पाच आघातांच्या आकृतीचे नावही. ही आकृती जॅझच्या हिशोबाने दोन बारांची, म्हणजे चार-चार मात्रांच्या दोन गटांची असते. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले की सोळा अर्धमात्रा होतात. आता एक ते सोळा संथपणे मोजावे आणि १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांवर टाळी द्यावी. ही झाली सोन या नृत्यगीतांच्या प्रकारातली क्लावे. रुंब्याची क्लावे हिच्यापेक्षा एका आघातानेच वेगळी आहे : तिसरी टाळी ७ ऐवजी ८ वर पडते. फरक अर्ध्या मात्रेचा, पण तेवढ्याने पहिल्या गटाला जो ताण येतो तो पाच-सहा वेळा टाळ्या देऊन पाहिल्यावर अंगाला जाणवतो. पहिल्या बारात तीन आघात पडतात आणि दुसऱ्या बारात दोन. हा क्रम उलटा करून आधी दोन आणि मग तीन अशीही सुरुवात करता येते. मात्र गाणे सुरू होताना जी बाजू धरली ती शेवटपर्यंत सोडायची नाही. गायकाची ओळ, ट्रम्पेटचा तुकडा, पियानोची आवृत्ती, कोंगाची बोलपंक्ती हे सगळे त्या बाजूशी जुळलेच पाहिजे. मध्येच सुरावट विरुद्ध बाजूला पडली तर क्यूबन वादक त्याला क्लावे उलटली असे म्हणतात, आणि त्या परंपरेत ही चूक बेतालपणाइतकीच गंभीर मानली जाते.

मराठी श्रोत्याला सोळाचा आकडा ऐकून त्रिताल आठवणे स्वाभाविक आहे. आवर्तनाची जाणीव येथेही उपयोगी पडते. पण आपल्याकडे सगळा प्रवास समेकडे असतो आणि समेवर येण्यातच त्याची परिपूर्ती असते, तर क्यूबन संगीतात पहिल्या मात्रेवर अनेकदा कोणीच वाजवत नाही. बासवादकाचे उदाहरण घेऊ. तुम्बाओ नावाच्या त्याच्या ठरलेल्या चालीत स्वर पडतात ते बारातल्या चौथ्या आणि सातव्या अर्धमात्रेवर. सातव्या अर्धमात्रेवरचा स्वर पुढच्या बारातल्या स्वरसंगतीचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचा, असतो, म्हणजे ती स्वरसंगती येण्याआधीच बास तिथे पोहोचलेला असतो आणि प्रत्यक्ष पहिली मात्रा येते तेव्हा तो गप्प असतो. नर्तकाला पाऊल टाकायला जागा मिळते ती याच रिकामेपणामुळे.

जॅझचा स्विंग याच्या जवळजवळ उलट तत्त्वावर चालतो. तिथे बासवादक चारही मात्रांवर एकेक स्वर ठेवत चालत राहतो आणि ड्रमवादक झांजेवर तो प्रवाह धरून ठेवतो. त्याहून नाजूक फरक अर्धमात्रेत आहे. क्यूबन वादनात दोन्ही अर्धमात्रा बऱ्याचशा समान असतात, तर स्विंगमध्ये पहिली लांब आणि दुसरी आखूड होते. म्हणजे दोन्ही संगीतांत लयीचे सर्वांत छोटे एककच वेगळे आहे. एका पद्धतीत वाढलेला वादक दुसऱ्या पद्धतीत गेला की त्याचे प्रत्येक वाक्य किंचित परके वाटू लागते, मग त्याची तयारी कितीही असो. लॅटिन जॅझमधली खरी अडचण ही आहे.

या अडचणीला पहिल्यांदा गंभीरपणे भिडले तेही ट्रम्पेटवादकच होते. हवानात १९११ साली जन्मलेले मारिओ बाउसा न्यूयॉर्कमध्ये येऊन कृष्णवर्णीय अमेरिकी बँडमध्ये वाजवत आणि पुढे आपले मेहुणे माचितो यांच्या वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक झाले. १९४३ मध्ये त्यांनी बांधलेली ‘तांगा’ ही रचना क्यूबन तालवाद्ये आणि जॅझची वाद्यरचना यांना क्लावेच्या शिस्तीत एकत्र आणणारी आरंभीची कृती मानली जाते. याच बाउसांनी १९४७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची चानो पोसो या क्यूबन कोंगावादकाशी गाठ घालून दिली. त्या दोघांच्या ‘मांतेका’ या रचनेमध्ये काय घडले ते आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. पोसोंनी एकमेकांवर रचलेल्या छोट्या आवर्ती तुकड्यांची कल्पना आणली. गिलेस्पींना वाटले की नुसते एवढेच वाजवत राहिले तर रचना एका जागी अडकेल, म्हणून त्यांनी मध्ये स्वरसंगती झपाट्याने बदलणारा जॅझचा भाग जोडला. त्या भागात आले की ड्रम्सची चाल स्विंगकडे कलते आणि संपला की क्यूबन ताल परत येतो. ही रचना थोर आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही तिच्यातला सांधा ऐकू येतो. दोन शेजारी एका अंगणात आले आहेत, पण घरे अजून वेगळी आहेत. पोसोंचा १९४८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत खून झाला आणि ती भागीदारी तिथेच थांबली.

हा सांधा का राहिला याचे कारण वादकांच्या कुवतीत नसून इतिहासात आहे. दोन्ही संगीतांची मुळे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपर्यंत जातात. पण क्यूबात त्या त्या वंशाच्या लोकांना ‘काबिल्दो’ नावाच्या मंडळांत एकत्र येण्याची मुभा राहिली, आणि त्या मंडळांतून ढोल, भाषा, देवतांची गीते टिकली. गुलामगिरी तिथे १८८६ मध्ये संपली आणि त्या सुमारास मातान्सास व हवाना येथील बंदरकामगारांच्या वस्त्यांत, चाळीसारख्या सामाईक अंगणांत, रुंबा आकाराला आला. ढोल नसले तर मालाची लाकडी खोकी वाजवली जात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील वसाहतींत मात्र १७३९ च्या बंडानंतर साउथ कॅरोलायनाने १७४० मध्ये गुलामांच्या ढोलांवर कायद्याने बंदी आणली. न्यू ऑर्लिन्ससारखे अपवाद सोडले, तर तिथला ताल हातातल्या ढोलातून निघून आवाजात, टाळ्यांत, पावलांत आणि पुढे पियानो व पितळी वाद्यांत शिरला. म्हणून लॅटिन जॅझमध्ये पाहुणा आणि यजमान असे कोणी नाही. एकाच घरातून फार पूर्वी दुरावलेल्या दोन शाखा येथे भेटतात.

जेरी गोन्झालेस या भेटीत वाढले. जन्म १९४९ चा, न्यूयॉर्कमधला. घराणे पुएर्तो रिकोचे. बालपण त्याच शहराच्या ब्रॉन्क्स या भागातले, आणि वडील स्वतः बँडमध्ये गाणारे. जॅझमधले माइल्स डेव्हिस यांची ट्रम्पेट आणि क्यूबन रुंब्याच्या ध्वनिमुद्रिका ही दोन्ही त्यांची शाळा होती. विशीत त्यांनी गिलेस्पी यांच्याबरोबर वाजवले, पुढे पियानोवादक एडी पाल्मिएरी यांच्या बँडमध्ये दोघे भाऊ होते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या पुएर्तो रिकन आणि क्यूबन वादकांच्या ‘ग्रूपो फोल्क्लोरिको’ या प्रयोगशील समूहातही त्यांचा वाटा होता. त्या समूहाची पद्धत विचारात घेण्यासारखी आहे : आधी जुन्या तबकड्या बारकाईने ऐकायच्या, जाणत्यांकडून बोल शिकायचे, धार्मिक बाता ढोलांचा रिवाज समजून घ्यायचा आणि त्यानंतर प्रयोगाला हात घालायचा. फोर्ट अपाची हे नावही ब्रॉन्क्सच्या दक्षिण भागातल्या एका पोलीस ठाण्याला पडलेले टोपणनाव होते. पडझड आणि जाळपोळ यांसाठीच त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या वस्तीचे नाव या वादकांनी अभिमानाने बँडला दिले.

मग मंकच का? मंक यांच्या सुरावटी ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यांतली मोकळी जागा. अपेक्षित ठिकाणी स्वर येत नाही, अनपेक्षित ठिकाणी ठाशीवपणे येतो. एखादा छोटा तुकडा पुन्हा येतो, पण अर्धी मात्रा सरकून. ही सगळी वैशिष्ट्ये ढोलवादकाची आहेत. मंक यांचे बालपण ज्या सान हुआन हिल या मॅनहॅटनमधल्या वस्तीत गेले तिथे कॅरिबियन बेटांवरून आलेली अनेक कुटुंबे राहत होती, आणि १९५२ मध्ये त्यांनी ‘बाय-या’ ध्वनिमुद्रित केले तेव्हा आर्ट ब्लेकी यांनी ड्रम्सवर धरलेली चालही लॅटिन वळणाची होती. म्हणजे गोन्झालेस यांनी मंकवर रुंबा बाहेरून लादलेला नाही. मंकमध्ये जे होतेच ते त्यांनी हाताखालच्या कातड्यावर आणून दाखवले.

आता प्रत्यक्ष कारागिरीकडे येऊ. जॅझमधली रचना क्लावेत बसवायची तर पहिला प्रश्न बारांच्या संख्येचा असतो. क्लावे दोन बारांची असल्याने रचनेचे बार सम असतील तर आवर्तनाच्या शेवटी क्लावे पुन्हा त्याच बाजूला येते. विषम असतील तर पुढच्या आवर्तनात ती उलटी पडते. ‘मिस्तेरिओसो’ ही मंक यांची रचना बारा बारांच्या ब्लूजच्या साच्यातली आहे, म्हणजे क्लावेची नेमकी सहा आवर्तने. ‘बाय-या’ आणि ‘लिटल रूटी टूटी’ बत्तीस बारांच्या, म्हणजे सोळा आवर्तने. हिशोब सुटला. दुसरा प्रश्न मात्र हिशोबाने सुटत नाही : सुरावटीतले ठाशीव स्वर क्लावेच्या कोणत्या बाजूला अधिक जुळतात? त्यासाठी सुरावट दोन्ही बाजूंनी वाजवून पाहावी लागते, आणि ‘मिस्तेरिओसो’ येथे विशेष कठीण जाते, कारण तिची सुरावट मोठ्या अंतराच्या उड्या घेत अर्धमात्रांवर समान चालीने सरळ पुढे जाते. तिच्यात टेकायला ठाशीव असा स्वर फारसा नाही. अशा वेळी आघात कोंगाने आणि बासने पुरवायचे आणि सुरावटीला तिच्या चालीने जाऊ द्यायचे, हाच मार्ग उरतो. मंक यांचा स्वर न बदलता त्याच्या खालची जमीन बदलते. ज्यांनी मूळ रचना ऐकली आहे त्यांना हा अनुभव विलक्षण वाटेल : ओळखीचे वाक्य, तेच शब्द, पण वजन भलत्याच ठिकाणी.

या अल्बमचा सर्वांत मोठा विशेष म्हणजे क्यूबन तालातून स्विंगमध्ये आणि परत येण्याची पाचही वादकांची सहजता. अँडी तुम्बाओ सोडून चालत्या बासवर येतात तेव्हा ड्रम्सवर बेरिओस त्याच क्षणी झांजेकडे वळलेले असतात, विलिस पियानोवरची आवर्ती आकृती सोडून विरळ स्वरसंगतीकडे गेलेले असतात, आणि तरीही ‘आता भाग बदलला’ असे वाटत नाही. ‘मांतेका’त ज्या ठिकाणी सांधा होता तिथे येथे उतार आहे. हे घडते याचे कारण क्लावे न वाजताही चालूच राहते. स्विंगच्या भागातही बेरिओस यांचे आघात मनात क्लावे धरूनच पडतात, त्यामुळे परतताना कोणालाही बाजू शोधावी लागत नाही. बेरिओस हे क्यूबन कोंगावादक मोंगो सान्तामारिया यांच्या तालमीत तयार झालेले आणि बाता ढोलांच्या परंपरेत मुरलेले वादक होते. विलिस यांनी १९६० च्या दशकात जॅकी मॅक्लीन यांच्यासारख्या जॅझमधल्या मातबरांबरोबर काम केले होते. या बँडमध्ये ‘लॅटिन वादक’ आणि ‘जॅझ वादक’ अशी कामाची वाटणी नाही. माझ्या मते इतर अनेक चांगल्या बँडपेक्षा हा बँड वेगळा ठरतो तो याच एका गोष्टीमुळे.

जेरी यांच्या दोन वाद्यांचाही या घडणीत भाग आहे. स्टुडिओत एकावर एक थर ध्वनिमुद्रित करता येतात. मंचावर मात्र एका माणसाला ट्रम्पेट आणि कोंगा एकाच वेळी पूर्णपणे वाजवता येत नाहीत. ट्रम्पेट हाती घ्यायची तर कोंगा सोडावेच लागतात. साहजिकच ट्रम्पेट आली की खालचा ताल विरळ होतो, ड्रम्सना मोकळीक मिळते आणि स्विंगला वाट होते. ट्रम्पेट खाली ठेवली की हात कातड्यावर येतात आणि रुंबा परत भरतो. बँडच्या शैलीतला हा श्वासासारखा भरतीओहोटीचा क्रम बऱ्याच अंशी एका माणसाच्या दोन हातांच्या मर्यादेतून आला आहे, असे मला वाटते.

त्यांच्या ट्रम्पेटचा आवाजही नीट ऐकावा. क्यूबन ट्रम्पेटची परंपरा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोन वाजवणाऱ्या बँडमध्ये ट्रम्पेट आली तेव्हापासूनची आहे, आणि फेलिक्स चापोतीन यांच्यासारख्यांनी तिला उंच, लखलखीत, गायकाला आव्हान देणारा आवाज दिला. गोन्झालेस यांना ती परंपरा तोंडपाठ होती, तरी त्यांनी मंकसाठी निवडला तो माइल्स डेव्हिस यांच्याकडचा रस्ता : मधल्या पट्टीतले स्वर, कधी तोंडाशी म्यूट लावून दबवलेला आवाज, आणि वाक्यांमध्ये लांब मौन. त्या मौनात कोंगाचे बोल स्पष्ट ऐकू येतात. ‘मंक्स मूड’सारख्या संथ रचनेत हे विशेष जाणवते. ट्रम्पेटने जागा सोडली नसती तर रुंबा केवळ पार्श्वभूमी झाला असता.

येथे एक उणीवही नोंदवली पाहिजे. रुंबा हा मुळात गाण्याचा आणि नाचण्याचा प्रकार आहे. एकाने ओळ म्हणायची आणि समूहाने उत्तर द्यायचे हा त्याचा प्राण आहे. या अल्बमचा भर मात्र बसून ऐकण्याच्या वाद्यसंगीतावर आहे. समूहाच्या उत्तराची जागा काही ठिकाणी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या देवाणघेवाणीने भरली जाते, पण ती पुरती भरत नाही. मंक यांच्या रचनांचा गुंता आणि पाच वादकांचा आटोपशीर संच यांसाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती मोजणे योग्य होते असे मी मानतो.

लॅटिन ताल आपल्या मुंबईतही फार पूर्वीच पोहोचले होते. गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, हॉटेलांच्या बँडमधून जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून चित्रपटसंगीतातही काम करत. १९५१ च्या ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’ या गाण्यातले बोंगो आणि त्याची एकूण झुलती चाल आजही ऐकताच पाय हलवते. तिथले उद्दिष्ट निराळे होते : तीन-चार मिनिटांच्या गाण्याला नवा रंग आणि नृत्याला उठाव द्यायचा होता, आणि ते काम त्या वादकांनी उत्तम केले. क्लावेच्या बाजूचा काटेकोर हिशोब त्या गाण्याला लागत नव्हता. गोन्झालेस यांच्या अल्बमला तो लागतो, कारण तिथे तालच रचनेचा सांगाडा आहे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सगळ्या वाद्यांमागे धावू नये. ‘बाय-या’ लावावे आणि केवळ बासवर लक्ष ठेवावे : पहिल्या मात्रेवर स्वर पडत नाही तोवर आपण क्यूबात आहोत, चारही मात्रांवर स्वर पडू लागले की हार्लेममध्ये. दुसऱ्यांदा ऐकताना हलकेच क्लावेच्या टाळ्या देत राहाव्यात आणि बास चालू लागल्यावरही त्या थांबवू नयेत. टाळ्या अखंड ठेवून स्विंगचा भाग पार करता आला आणि पलीकडे कोंगा बरोबर आपल्या टाळीवर येऊन मिळाले, की वर जे सांगितले ते हाताला कळते.

पद्धत एका अल्बमपुरती राहिली नाही. १९९० च्या दशकात याच बँडच्या ‘क्रॉसरोड्स’ आणि ‘पेन्सातिवो’ या अल्बमना ग्रॅमीची नामांकने मिळाली आणि २००५ च्या ‘रुंबा बुहाइना’मध्ये त्यांनी आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ मेसेंजर्स बँडच्या संगीताला हाच न्याय लावला. जेरी २००० नंतर माद्रिदला स्थायिक झाले, तिथल्या फ्लामेन्को कलावंतांबरोबर त्यांनी नवे काम केले आणि २०१८ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. ब्लेकी आणि पाल्मिएरी या दोघांच्याही बँडमध्ये घडलेले ट्रम्पेटवादक ब्रायन लिंच यांनी २०१६ मध्ये ‘मादेरा लातिनो’ हा अल्बम काढला, तो वूडी शॉ या ट्रम्पेटवादकाच्या रचनांवर. शॉ यांच्या सुरावटी मंकपेक्षा कितीतरी अधिक स्वरांनी भरलेल्या, वेगवान आणि दूर-दूरच्या उड्या घेणाऱ्या असल्याने त्यांत क्लावेला मोकळी जागा फारच थोडी मिळते; लिंच यांना त्यामुळे सुरावटीची बाजू ठरवण्याचा तोच प्रश्न पुन्हा मुळापासून सोडवावा लागला.